ब्रेक नेमका कुठे निकामी होतो?

९ डिसेंबर २०२४. सोमवारची रात्र, साडेनऊचा सुमार. कुर्ला स्थानकाबाहेरच्या एस. जी. बर्वे मार्गावर नेहमीचीच गर्दी होती. घरी परतणारे चाकरमानी, भाजीच्या गाड्या, रिक्षांच्या रांगा. स्थानकातून अंधेरीच्या दिशेने निघालेली 'बेस्ट'ची बारा मीटर लांबीची विजेवर चालणारी बस एकाएकी बेफाम झाली आणि वाटेत येईल त्याला चिरडत काहीशे मीटर गेली. वीसेक वाहनांचा चुराडा झाला, चाळीसच्या आसपास माणसे जखमी झाली आणि किमान सात जणांना प्राण गमवावे लागले. चालक जमावाच्या हाती सापडला, पोलिसांनी त्याला सोडवून ताब्यात घेतले, आणि त्या रात्रीपासूनच दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी झाले: 'ब्रेक फेल'.

चालकाने तेच सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांनी बस तपासली तेव्हा मात्र ब्रेक व्यवस्थित असल्याचे आढळले. तपास पुढे सरकला तसा 'मानवी चूक' हा दुसरा शब्दप्रयोग पुढे आला. हा चालक पूर्वी लहान बसगाड्या चालवीत होता, बारा मीटरची, क्लच नसलेली विजेची बस त्याच्या हाती येऊन अवघे काही दिवस झाले होते, आणि त्यासाठी त्याला मिळालेले प्रशिक्षणही बोटांवर मोजण्याइतक्याच दिवसांचे होते, असे तपशील प्रसिद्ध झाले. दोष कोणाचा आणि किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तो या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो 'ब्रेक फेल' आणि 'मानवी चूक' या दोन शिक्क्यांचा. यांपैकी कोणताही एक शिक्का एकदा फायलीवर बसला की आपल्याकडे चौकशी संपते. वस्तुत: ती तेथून सुरू व्हायला हवी. विजेची वाहने आज रिक्षाथांब्यापासून एस.टी. आगारापर्यंत सर्वत्र आली आहेत. त्यांचा ब्रेक म्हणजे काय, तो केव्हा दगा देतो आणि केव्हा त्याच्यावर नुसताच आळ येतो, हे समजून घेणे आता केवळ अभियंत्यांचे काम राहिलेले नाही.

बोरघाटातला जुना धडा

विजेच्या गाडीला एक सोडून दोन ब्रेक असतात. पहिला आपल्या ओळखीचा. पायाने पेडल दाबले की द्रवाच्या किंवा हवेच्या दाबाने अस्तर चकतीला किंवा ड्रमला घासते, गतीची उष्णता होते, गाडी थांबते. दुसरा ब्रेक म्हणजे खुद्द मोटर. वीज दिली की फिरणारी मोटर, बाहेरून फिरवली की वीज निर्माण करते, आणि तसे करताना चाकांना मागे ओढते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की विजेची गाडी आपोआप मंदावते ती यामुळे. गाडीच्या गतीतली शक्ती उष्णतेत वाया न जाता बॅटरीत परत जाते. याला 'रिजनरेटिव्ह ब्रेकिंग' म्हणतात.

हे तंत्र नव्या जमान्याचे वाटते खरे. पण महाराष्ट्राला ते शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९३० च्या आगेमागे कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा बोरघाटासाठी आणलेली, 'खेकडा' या टोपणनावाने ओळखली जाणारी विजेची इंजिने उतारावर मोटरीनेच गाडी रोखीत आणि निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत सोडीत. परंतु रेल्वेच्या इंजिनियरांनी सगळा भरवसा या तंत्रावर टाकला नाही. उतरणाऱ्या गाड्यांना ब्रेक तपासणीसाठी सक्तीचे तांत्रिक थांबे ठेवले. एवढे करूनही गाडी सुटलीच, तर ती चढणीवर जाऊन आपोआप थांबावी म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' बांधल्या. म्हणजे यंत्र बिघडेल, माणूस चुकेल, हे गृहीत धरूनच पुढची व्यवस्था केलेली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवून आजच्या गाड्यांकडे वळू.

खरा ब्रेक खरोखर केव्हा दगा देतो?

पहिली परिस्थिती घाटाचीच आहे. समजा, लोणावळ्यात हॉटेलशेजारच्या चार्जरवर गाडी शंभर टक्के चार्ज केली आणि खोपोलीकडे उतरायला निघालो. लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक आहे. माणसांसह सतराशे किलोची मोटार एवढी खाली आणायची म्हणजे सुमारे अडीच युनिट ऊर्जा कोठेतरी जिरवायची. अठरा टनांच्या भरलेल्या बसच्या बाबतीत हा आकडा सत्तावीस युनिटांच्या घरात जातो. सत्तावीस युनिट म्हणजे तीनशे लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता. बॅटरीत जागा असेल तर यातला मोठा भाग मोटर गिळते. बॅटरी तुडुंब भरलेली असेल तर तिला एक युनिटही घेता येत नाही. अशा वेळी गाडीतला संगणक मोटरीचा ब्रेक कमी करतो किंवा बंदच करतो, आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो.

येथे ब्रेक 'फेल' झालेला नसतो. परंतु ज्या चालकाला गेले सहा महिने नुसता पाय उचलून गाडी थांबवायची सवय लागली आहे, त्याला गाडी सुटल्यासारखी वाटते. घाबरून तो ब्रेकवर पाय दाबून ठेवतो, चकत्या तापत जातात, आणि मग मात्र खरे संकट सुरू होते. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा', हा घाटातल्या पाट्यांवरचा उपदेश जुन्या ड्रायव्हरांच्या अंगात मुरलेला होता. विजेच्या गाडीला बहुधा गिअरच नसतात. तेव्हा तिच्यासाठी तोच उपदेश असा करावा लागेल: वर चार्ज करायचेच असेल तर बॅटरी ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर थांबवा, आणि उतारासाठी जागा ठेवून निघा.

दुसरी परिस्थिती ब्रेक ऑइलची. हे तेल म्हणजे खरे तर हवेतले पाणी शोषून घेणारा द्रव आहे. 'डॉट-४' प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. चकत्या तापल्या, द्रव उकळला, नळीत वाफ झाली की पेडल मऊ पडते आणि थेट तळाला जाते. कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. ही शंभर टक्के खरी ब्रेक फेल, आणि ती टाळण्याचा उपाय दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याइतका साधा आहे. पण विजेच्या गाडीचा मालक एका गोड गैरसमजात असतो. इंजिन नाही, ऑइल बदलायचे नाही, म्हणजे या गाडीला देखभालच नाही, असे त्याला विकणाऱ्याने सांगितलेले असते. इंजिनाचे तेल नाही हे खरे. ब्रेकचे आहे.

तिसरी गोष्ट याहून चमत्कारिक. मोटरच बहुतेक काम करते म्हणून विजेच्या गाडीच्या ब्रेकची अस्तरे फार काळ टिकतात. ही जमेची बाजू झाली. परंतु जे वापरात नसते ते गंजते. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा यांत उभ्या असलेल्या, कधीमधीच ब्रेक घासला जाणाऱ्या गाडीच्या चकत्यांवर गंजाचा थर चढतो, आणि पकडीच्या सरकत्या पिना जाम होतात. अचानक जोरात ब्रेक लावायची वेळ येते त्या दिवशी एक चाक धरते, दुसरे धरत नाही, गाडी एका बाजूला ओढली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, खणखणीत ब्रेक मारावा. चकत्या साफ होतात आणि आपल्यालाही पायाखालचा अंदाज राहतो.

चौथी गोष्ट जोराची. पेट्रोलच्या गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या शोषणातून चालतो. विजेच्या गाडीत ते शोषण नाही. त्यासाठी वेगळा पंप किंवा विजेवर चालणारा बूस्टर बसवावा लागतो. तो बंद पडला तर ब्रेक नाहीसा होत नाही, फक्त दगडासारखा कडक होतो. दोन्ही पायांचा जोर लावला तर गाडी थांबते. पण हे कोणी सांगितलेलेच नसते. चालक दोनदा दाबून पाहतो, पेडल हलत नाही असे वाटते, आणि तो पाय काढून घेतो. बसचा प्रकार निराळा. तेथे हवेचा ब्रेक असतो आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. वीज गेली तरी टाकीतली साठलेली हवा काही वेळ पुरते, आणि ती संपत आली की स्प्रिंगच्या जोराने मागचे ब्रेक आपोआप लागतात. रचना मुळातच सुरक्षित बाजूला झुकलेली आहे. म्हणूनच एखाद्या मोठ्या बसचा ब्रेक क्षणार्धात पूर्ण नाहीसा झाला, असे कोणी सांगितले तर अभियंत्याच्या मनात प्रथम शंका येते.

पाचवी गोष्ट संगणकाची. मोटरीचा ब्रेक आणि घर्षणाचा ब्रेक यांची वाटणी संगणक करतो. खड्ड्यात किंवा निसरड्या जागी चाक घसरले की मोटरीचा ब्रेक काढून घेतला जातो आणि घर्षणाच्या ब्रेककडे काम सोपवले जाते. या हस्तांतरात क्षणाचा जरी उशीर झाला, तरी गाडी पुढे झेपावल्याचा भास होतो. हा निव्वळ तर्क नव्हे. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियससह आपल्या हायब्रिड गाड्यांपैकी सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या जगभरातून नेमक्या याच कारणासाठी परत बोलावल्या आणि त्यांची संगणकप्रणाली बदलली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने टेस्लाच्या मॉडेल ३ ची चाचणी घेतली, तेव्हा ताशी साठ मैलांवरून थांबायला तिला १५२ फूट लागले. कंपनीने दूरस्थपणे प्रणाली सुधारल्यावर तेच अंतर १३३ फुटांवर आले. एकही पाना न फिरवता ब्रेक सुधारला गेला! यात कौतुक आहे तसा इशाराही आहे. जी प्रणाली घरबसल्या सुधारता येते, ती घरबसल्या बिघडवताही येते, आणि आपल्या देशात कोणत्या दिवशी कोणत्या गाडीत काय बदलले, याची नोंद सामान्य ग्राहकाच्या हाती नसते.

स्कूटर आणि ई-रिक्षांची कहाणी याहून साधी आणि अधिक चिंतेची. त्यांच्या ब्रेकच्या मुठीत किंवा पेडलात एक लहानसा स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटरीचा पुरवठा तोडतो. पावसाने, धुण्याच्या पिचकारीने किंवा सुट्या तारेने तो बिघडला, तर एकीकडे ब्रेक धरतो आहे आणि दुसरीकडे मोटर ढकलते आहे, अशी ओढाताण सुरू होते. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या, अडीचशे वॅटपर्यंतच्या स्कूटरला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही. म्हणजे तिची तपासणी कोणीच करीत नाही. चार माणसांसाठी केलेल्या ई-रिक्षात सात-आठ माणसे बसतात, आणि त्यांना थांबवायची जबाबदारी एका तारेवर ओढल्या जाणाऱ्या ड्रम ब्रेकवर असते. येथे तंत्रज्ञान फसलेले नाही, स्वस्ताई आणि दुर्लक्ष फसवते आहे.

पाय चुकतो, तो का?

इतके सगळे खरे असले, तरी 'ब्रेक लागलाच नाही' अशी तक्रार असलेल्या अपघातांचा जगभरचा अनुभव दुसऱ्याच दिशेला बोट दाखवतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० ही मोटार आपणहून धावते, अशा तक्रारींचा गदारोळ झाला होता. १९८९ मध्ये तेथील महामार्ग सुरक्षा संस्थेने अहवाल दिला की, अशा बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर होता. जानेवारी २०२१ मध्ये याच संस्थेने टेस्लाबाबतच्या तक्रारी तपासून तोच निष्कर्ष काढला. जपानमध्ये १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची प्रियस पादचाऱ्यांत घुसली. एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. खटल्यात चालक गाडीतील बिघाडाचे कारण सांगत राहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने, पाय चुकीच्या पेडलवर होता, असे ठरवून त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

यातली सर्वांत भयंकर बाब अशी की, अशा चालकांपैकी बहुतेक जण खोटे बोलत नसतात. आपण ब्रेकच दाबतो आहोत, अशी त्यांची मनोमन खात्री असते. गाडी थांबत नाही म्हणून ते आणखी जोराने दाबतात, आणि गाडी आणखी जोराने धावते. अपघातानंतर त्यांच्या स्मृतीत एवढेच उरते: 'मी ब्रेक दाबला होता, तो लागला नाही.'

पाय डिझेलच्या गाडीतही चुकतो. मग विजेच्या गाडीत ते अधिक धोक्याचे का? कारण डिझेलचे इंजिन आधी गुरगुरते, मग जोर धरते. तो आवाज कानाला सावध करतो आणि तेवढ्या अवधीत पाय मागे येतो. विजेची मोटर पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते आणि आवाज करीत नाही. चूक सुधारण्यासाठी निसर्गाने दिलेला तो एक-दीड सेकंद तिने काढून घेतला आहे. दुसरे कारण सवयीचे. ज्याने पंधरा-वीस वर्षे क्लचची गाडी चालवली आहे, त्याच्या शरीरात संकटाच्या वेळी दोन्ही पाय एकदम दाबायची सवय भिनलेली असते. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. क्लच नसलेल्या बसमध्ये डाव्या पायाला काम नाही. घाईच्या क्षणी तो आपले जुने काम शोधतो आणि भलत्याच पेडलवर पडतो. हा बेफिकिरीचा दोष नव्हे. हा शरीराने शिकलेल्या विद्येचा दोष आहे, आणि शरीराची विद्या दोन-तीन दिवसांच्या वर्गाने पुसली जात नाही.

'मानवी चूक' म्हणून मोकळे होता येईल?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर त्यांची चाके अचानक आत जात आणि विमान पोटावर कोसळे. सगळ्या घटनांवर 'वैमानिकाची चूक' असा शेरा मारला जात होता. अल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिले, तेव्हा त्याला दिसले की चाकांची कळ आणि पंखाच्या फ्लॅपची कळ एकसारख्या असून शेजारी शेजारी आहेत. त्याने चाकांच्या कळीवर रबरी चाक आणि दुसऱ्या कळीवर पंखाच्या आकाराचा तुकडा बसवायला सुचवले, आणि ती 'वैमानिकाची चूक' आटोक्यात आली. माणूस तोच, वैमानिक तेच; बदलली ती फक्त कळ. ऑडीच्या प्रकरणातूनही असाच एक शहाणपणाचा उपाय निघाला. ब्रेक दाबल्याखेरीज 'पार्क'मधून गिअर काढताच येणार नाही, अशी कुलुपासारखी योजना जगभरच्या स्वयंचलित गाड्यांत रूढ झाली.

म्हणजे माणूस चुकला, असे म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा असतो: तो चुकला तर त्याची किंमत इतकी मोठी का पडली? कुर्ल्यासारख्या घटनेनंतर हा प्रश्न विचारताच अनेक हात एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. कारण आजच्या सार्वजनिक बससेवेची रचनाच तशी आहे. भाडेकराराच्या ज्या पद्धतीला 'वेट लीज' म्हणतात, तीत बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल ठेकेदाराची. उपक्रमाचा फक्त वाहक आणि बसवरचे नाव. पैसे किलोमीटरच्या हिशेबाने मिळतात. किलोमीटर धावले तर उत्पन्न. प्रशिक्षणासाठी रिकामी फिरणारी बस म्हणजे निव्वळ खर्च. अशा व्यवस्थेत चालकाचे प्रशिक्षण तीन दिवसांचे असावे की तीस, याचा निर्णय कोण कोणत्या दृष्टीने करणार, हे सांगायला नको. प्रवासी मात्र बसवर 'बेस्ट' हे नाव वाचून चढतो. १९०७ पासून या शहरात विजेची ट्राम धावली, त्या वारशावरचा तो विश्वास असतो. त्या विश्वासाची जबाबदारी कंत्राटाबरोबर दुसऱ्याला देता येत नाही.

परवान्याचीही तीच गत. आपल्याकडे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी वेगळ्या वर्गाचा परवाना आहे. सोळा-सतरा टनांची, दोन पेडलांची, आवाज न करणारी विजेची बस चालवायला मात्र डिझेल बसचाच परवाना चालतो! पन्नास किलोच्या मुलीच्या स्कूटरबाबत कायदा जो फरक ओळखतो, तो साठ माणसे भरलेल्या बसबाबत ओळखत नाही.

काय करता येईल?

उपायांचे तीन स्तर आहेत. पहिला चालकाच्या हातात आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे, घाटापूर्वी बॅटरीत जागा ठेवणे, चकत्या अधूनमधून साफ करणे, विजेच्या गाडीच्या वाढीव वजनाला साजेसे टायर वापरणे, ही झाली नित्याची काळजी. संकटाच्या क्षणासाठी एकच सूत्र पाठ करावे: गाडी थांबत नाही असे वाटले तर आधी दोन्ही पाय पूर्ण उचला. गाडी आपोआप मंदावली तर समजा पाय चुकला होता. मग ब्रेक शोधून तो पूर्ण ताकदीने एकदाच दाबा आणि दाबून ठेवा. पेडल कडक लागले तरी सोडू नका. तरीही वेग कमी होत नसेल तर न्यूट्रल करा आणि हातब्रेक ओढा. विजेच्या बटणाचा हातब्रेक असेल तर ते बटण धरून ठेवा. हे सगळे मोकळ्या मैदानात एकदा करून पाहिलेले असावे. आगीच्या वेळी जिना कोठे आहे हे आग लागल्यावर शोधायचे नसते.

दुसरा स्तर आगाराचा. क्लचच्या गाडीवरून आलेल्या चालकाला प्रवाशांविना पुरेसे दिवस बस चालवू देणे, डावा पाय विश्रांतीच्या जागी ठेवण्याचा सराव करून घेणे, पहिल्या महिन्यात त्याला गर्दीच्या मार्गावर न पाठवणे, आणि हे सारे कंत्राटात लिहून त्याचे पैसे वेगळे मोजणे. एस.टी.ने जून २०२२ मध्ये पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' सुरू केली आणि २०२३ पासून विजेवरची 'शिवनेरी' घाटातून धावू लागली. सरकारी बससेवेचे भविष्य विजेचेच आहे. तेव्हा हा खर्च आज टाळला, तर उद्या तो कोठेतरी रस्त्यावर वसूल होईल.

तिसरा स्तर शासनाचा आणि कारखानदारांचा, आणि खरी आशा तेथेच आहे. कारण ज्या विजेच्या मोटरीमुळे चूक इतकी महाग पडते, तिलाच आवरणे सर्वांत सोपे आहे. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर मोटरीचा पुरवठा तोडायचा. स्थानकाच्या आवारात वेगाला आणि जोराला मर्यादा घालायची. पुढे भिंत किंवा माणूस असताना कोणी एकदम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर तो आदेश मानायचाच नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना बहुतांशी प्रणालीतल्या चार ओळी पुरतात. जपानने हे ओळखले. त्याच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत पेडलची चूक रोखणाऱ्या यंत्रणेचा नवा नियम, क्रमांक १७५, स्वीकारण्यात आला, आणि सप्टेंबर २०२८ पासून तेथील नव्या स्वयंचलित मोटारींना ही यंत्रणा सक्तीची होणार आहे. चीनने मे २०२३ मध्ये टेस्लाला सुमारे ११ लाख गाड्यांत बदल करायला लावले. मोटरीचा ब्रेक किती तीव्र असावा याची निवड चालकाला द्यावी आणि अ‍ॅक्सिलरेटर बराच वेळ खोल दाबला गेला तर इशारा वाजावा, असे ते बदल होते. 'चूक चालकाची' असे म्हणून तेथील यंत्रणा थांबली नाही. चालक चुकेल हे मान्य करून तिने गाडी बदलायला लावली.

आपल्याकडे कायद्याचे हत्यार नाही असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार शासनाला मिळाला आहे. उणीव आहे ती सत्य शोधणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेची. विमान पडले तर अपघात अन्वेषण विभाग येतो. रेल्वे घसरली तर सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. रस्त्यावर माणसे मेली तर पोलीस गुन्हा नोंदवतात, परिवहन निरीक्षक ब्रेक लागतो की नाही एवढे पाहतो, आणि गाडीच्या संगणकात साठलेला शेवटच्या क्षणांचा तपशील बहुधा ज्याच्यावर संशय असू शकतो त्या कंपनीच्याच मदतीने वाचला जातो. पोलिसांचा प्रश्न 'दोषी कोण?' हा असतो. तो आवश्यकच आहे. पण 'हे पुन्हा कसे होणार नाही?' हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही. कोणत्या पेडलवर किती जोर होता, हे सेकंदागणिक सांगणारी नोंद प्रत्येक विजेच्या बसमध्ये असावी आणि ती उघडण्याचा अधिकार तिऱ्हाईत संस्थेला असावा, एवढी मागणी तरी आपण करायला हवी. त्यातून चालक निर्दोष असेल तर तोही सुटेल, आणि गाडी निर्दोष असेल तर तीही.

बोरघाटातून खाली येणारी गाडी आजही घाट उतरण्याआधी थांबते. प्रवासी कंटाळतात, कोणी खाली उतरून चहा मिळतो का पाहतात, लहान मुले खिडकीतून माकडे मोजतात. त्या थांब्यात ब्रेकची परीक्षा चाललेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ज्यांनी तो थांबा ठरवला, त्यांचा आपल्या इंजिनावर अविश्वास नव्हता आणि ड्रायव्हरवरही नव्हता. माणूस आणि यंत्र दोघेही कधीतरी चुकणार, एवढे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले होते. विजेच्या गाड्यांच्या वेगात उतरणीला लागण्यापूर्वी असा एक थांबा आपणही घ्यायला हवा. कुर्ल्याच्या त्या रस्त्यावर सुटलेल्या बसला अडवील अशी एकही 'कॅच सायडिंग' नव्हती. होती ती फक्त माणसे.